आजोबांचे युद्धातले पिस्तूल ठेवावे की देऊन टाकावे?

सातारा जिल्ह्यात समुपदेशनाचे काम करताना एक प्रश्न निरनिराळ्या घरांतून माझ्यापर्यंत येत राहतो. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या आजोबांचे पिस्तूल घरात आहे, ज्यांच्या नावावर परवाना होता ते वडील आता राहिले नाहीत. मग ते ठेवावे की देऊन टाकावे? विचारणारा माणूस सुरुवात कायद्यापासून करतो, पण थोड्याच वेळात ‘दिले तर आजोबांना काय वाटले असते’ हे खरे दुखणे बाहेर येते. अशाच एका कुटुंबाची हकिकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे मांडत आहे.

आलेले गृहस्थ पन्नाशीतले, माध्यमिक शाळेत शिक्षक. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत सुभेदार होते आणि इटलीच्या आघाडीवर लढले होते. वडील वारल्यानंतर पुण्याची बहीण फोनवर म्हणाली, “दादा, ते घरातून काढल्याशिवाय मी मुलांना घेऊन येणार नाही.” चुलत्यांनी मात्र सुनावले, “सुभेदारांची निशाणी पोलीस ठाण्यात नेऊन देणार? मग त्यांचा फोटो तरी कशाला भिंतीवर ठेवतोस?” या दोन वाक्यांच्या कचाट्यात त्यांची झोप उडाली होती. पुढच्या वेळी पिस्तूल दाखवायला आणू का, असे त्यांनी विचारले तेव्हा मी स्पष्ट नकार दिला, म्हणून त्यांनी मोबाइलमधला फोटो पुढे केला.

फोटोत तळहातावर मावेल एवढे बेरेटा बनावटीचे इटालियन पिस्तूल होते. वरच्या पट्टीवर १९४२ हे साल कोरलेले, आणि त्याला लागून रोमन लिपीतला विसाचा आकडा. इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याच्या राजवटीने १९२२ पासून वर्षे मोजणारी स्वतःची वेगळी कालगणना सुरू केली होती, त्यातले ते विसावे वर्ष. आजोबांनी फौजेतून मिळालेले शस्त्र घरी आणले, अशी घरातल्या सर्वांची समजूत होती. ते मुळात शत्रूपक्षाच्या कोणा सैनिकाचे असावे हे त्या आकड्यांवरून पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात येत होते. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मॅडम, ते शरण आलेल्या माणसाकडून घेतले की मेलेल्याकडून, हे आजोबा कधीच बोलले नाहीत.”

या वाक्याकडे वळण्याआधी मला एक गोष्ट विचारणे भाग होते, आणि ती मी अशा प्रत्येक घरी विचारते: सध्या घरात कोणी फार खचलेले आहे का? उत्तर यायला वेळ लागला. त्यांचा तेवीस वर्षांचा मुलगा स्पर्धा परीक्षेत पुन्हा अपयश आल्यापासून खोलीबाहेर पडत नव्हता, जेवणावरची वासना उडाली होती, आणि पिस्तूल ज्या लोखंडी कपाटात होते त्याची किल्ली देवघरातल्या खुंटीला सर्वांच्या नजरेसमोर टांगलेली होती. वडील म्हणून त्यांनी या दोन गोष्टी एकत्र जोडून पाहिल्याच नव्हत्या. पाहाव्यात तरी कशा? आपल्या मुलाबद्दल असा विचार मनात आणायला कोणीही आई-बाप धजावत नाहीत.

टोकाचा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या घडीला जीवघेणे साधन हाताशी नसेल तर माणूस वाचण्याची शक्यता वाढते. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये शनिवार-रविवारी घरी जाणाऱ्या जवानांना शस्त्र छावणीतच ठेवायला लावले, त्यानंतर जवानांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. आपल्याकडे शेतकरी कुटुंबांना कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवा असे आम्ही सांगतो, त्यामागचे कारणही हेच. म्हणून मी त्यांना सांगितले की आजोबांची निशाणी ठेवायची की नाही हा निर्णय महिनाभराने घेतला तरी चालेल, पण पिस्तुलाने आजची रात्र त्या घरात काढता कामा नये.

कायद्याचेही म्हणणे तेच आहे, आणि याची त्यांना कल्पना नव्हती. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला ते शस्त्र ‘वडिलांचा परवाना आहे’ म्हणून जवळ बाळगता येत नाही. विनाकारण उशीर न लावता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावे लागते. मात्र जमा करणे म्हणजे कायमचे गमावणे नव्हे. वारस स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करू शकतो, परवाना मिळाल्यास शस्त्र परत घेऊ शकतो, किंवा ठरलेल्या मुदतीत ते कायदेशीररीत्या विकू शकतो. सर्वसाधारण शस्त्रासाठी हा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, आणि आयुक्तालयाच्या शहरात पोलीस आयुक्तांकडे जातो. शस्त्राचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, प्रतिबंधित गटातला निघाला तर प्रकरण केंद्रीय गृह मंत्रालयापर्यंत जाते. ‘इतके जुने आहे, त्याला कसला परवाना’ हा समज फार ठिकाणी आढळतो. कायद्यातली सूट दुरुस्तीनंतरही चालू शकणार नाही अशा कालबाह्य शस्त्रापुरती आहे, आणि तो निवाडा घरच्यांनी करायचा नसतो. परवाना कधी काढलेलाच नसेल, तर मी आधी त्याच दिवशी वकिलाला गाठायला सांगते. विहिरीत टाकणे किंवा शेतात पुरणे हे सर्वांत वाईट मार्ग, कारण त्याने गुन्हाही टळत नाही आणि धोकाही.

त्यांनी माझ्यासमोरच ठाण्यात फोन केला. पिस्तुलाला हात न लावता, गोळ्या आहेत का हे न तपासता, वडिलांचा परवाना आणि मृत्यूचा दाखला काढून ठेवा, आम्ही माणूस पाठवतो, असे उत्तर मिळाले. संध्याकाळी पंचांसमक्ष पिस्तूल गेले आणि पावती त्यांच्या हाती आली. मुलाच्या उपचारांसाठी मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली, आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आई-वडील आणि मुलगा या तिघांच्याही मोबाइलमध्ये साठवायला सांगितला.

त्यानंतरच्या भेटींत आम्ही आजोबांविषयी बोललो. आजोबांचा मोठेपणा त्या धातूच्या तुकड्यात साठलेला आहे, असे कुटुंबाने नकळत धरून चालले होते, आणि त्यामुळे तो देणे म्हणजे आजोबांना नाकारणे असे गणित झाले होते. प्रत्यक्षात घरातल्या कोणालाही ते इटलीत कोठे लढले हे ठाऊक नव्हते. ज्या युद्धात नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी वीरमरण आले आणि शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर जखमी सहकाऱ्यांना वाचवले, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्या युद्धात आपला माणूस होता, एवढेच त्यांना माहीत होते. मी त्यांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करून बेळगावच्या रेजिमेंटल केंद्राकडे सेवेच्या नोंदींसाठी पत्र पाठवायला सुचवले. मुलानेच ते पत्र टाइप केले. ट्रंकेत इटली स्टार हे पदकही सापडले, लाल, पांढऱ्या आणि हिरव्या पट्ट्यांच्या फितीसह. त्याला ना परवाना लागतो, ना कुलूप.

त्या अनामिक इटालियन सैनिकाचा प्रश्न सुटला नाही, आणि तो सुटावा असा प्रयत्नही मी केला नाही. आजोबांनी जे मनात ठेवले ते बहुधा नातवाला सांगता येण्याजोगे नव्हते, एवढे मान्य करून थांबणे त्यांना जमले, आणि माझ्या मते तेच योग्य होते.

शिक्षकांनी परवान्यासाठी अर्ज केला नाही. चुलते नाराज झाले. पण शिक्षकांच्या मुलाची अवस्था कानावर गेल्यावर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. यावरून प्रत्येक घराने शस्त्र द्यावेच असे मी म्हणणार नाही. कऱ्हाडकडच्या एका कुटुंबाने आजोबांचे रिव्हॉल्व्हर रीतसर परवाना घेऊन ठेवले आहे: घरात लहान मूल नाही, कोणी आजारी नाही, काडतुसे घरात ठेवलेली नाहीत, किल्ली एकाच माणसाकडे असते, आणि निवडणुकीच्या काळात आदेश आला की ते स्वतःहून ठाण्यात जमा करतात. या अटींतली एखादी जरी उद्या मोडली, तरी शस्त्र घराबाहेर काढायचे, हे त्यांनी आपसांत आधीच ठरवून ठेवले आहे.