शुद्ध हप्ता आधी कागदावर काढ

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

एम.एस्सी.च्या पहिल्याच सत्रात तुला रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचा मेळ घालून अंदाज बांधणारी संगणकी पद्धत) शिकायची घाई झाली आहे. जरूर शीक, पण त्याआधी एक शुद्ध हप्ता, म्हणजे खर्च-नफा न धरता फक्त सरासरी भरपाईइतका हप्ता, हाताने काढ. विषय दाराशीच आहे: केळीचा हवामान आधारित फळपीक विमा. यात थंडीची भरपाई हवामान केंद्राच्या आकड्यावर ठरते.

समज, किमान तापमान सलग ३ दिवस ८ अंशांखाली गेलं की हेक्टरी २०,००० रुपये मिळणार. २० हिवाळ्यांत ३ वेळा असं झालं. शक्यता ०.१५, शुद्ध हप्ता ३,००० रुपये. बरेच विद्यार्थी इथेच थांबतात. तू प्रमाणत्रुटी, म्हणजे हा अंदाज साधारण किती चुकू शकतो ते, काढ: ०.१५ गुणिले ०.८५ भागिले २०, त्याचं वर्गमूळ. जवळपास ०.०८ येतं, म्हणजे १,६०० रुपये! एवढ्या डळमळीत आकड्यावर दर ठरवायचा नसतो. इथे बूलमानची विश्वासार्हता पद्धत लागते, म्हणजे केंद्राचा दर आणि मोठ्या गटाचा दर यांची वजनी सरासरी. केंद्राच्या स्वतःच्या अनुभवाला निम्मं वजन दिलं आणि जिल्ह्याचा दर ०.१० असला, तर मिश्र दर ०.१२५ आणि हप्ता २,५००. मात्र रावेर, यावल, मुक्ताईनगर हे जळगावचे शेजारचे तालुके थंडीच्या एकाच लाटेत सापडतात. म्हणून १० केंद्रांची २० वर्षं म्हणजे २०० स्वतंत्र निरीक्षणं धरू नकोस. विमा कंपनीला जास्तीचं भांडवल बाळगावं लागतं तेही यामुळेच.

आता खरी काळजी नोंदींची. 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणक भाषेत सलग दिवस मोजायला तू आरएलई (एकसारख्या सलग नोंदींची लांबी मोजणारी आज्ञा) वापरशील. मधल्या एका रात्रीची नोंद गहाळ असली की मालिका तिथेच तुटते, प्रोग्राम काही तक्रार करत नाही, आणि निकष लागलाच नाही असं उत्तर येतं. हप्ता खोटा स्वस्त निघतो. तेव्हा गहाळ रात्री आधी वेगळ्या मोज. शिवाय गट कॅलेंडर वर्षाने पाडू नकोस, डिसेंबर-जानेवारीची लाट दोन तुकड्यांत जाते.

निकष लागण्याची शक्यता वर्तवणारं मॉडेल लॉजिस्टिकपासून (हो-नाही निकालाची शक्यता काढणारं साधं समीकरण) सुरू कर. चाचणीसाठी ओळी यादृच्छिक निवडल्यास एकाच हिवाळ्याची शेजारची केंद्रं मॉडेल शिकवायच्या आणि तपासायच्या अशा दोन्ही भागांत जातात आणि निकाल फुगतो. शेवटचे काही हिवाळे अख्खे बाजूला ठेव. अचूकतेच्या टक्क्यावर भुलू नकोस. कायम 'नाही' म्हणणारं मॉडेलही इथे ८५ टक्के बरोबर ठरतं. ब्रायर गुणांक पाहा, म्हणजे सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्ष निकाल (१ किंवा ०) यांतल्या फरकाच्या वर्गाची सरासरी; तो जितका कमी तितका चांगला. सरसकट ०.१५ सांगितलं तर तो ०.१२७५ येतो, त्याखाली उतरलीस तरच मॉडेलचा उपयोग.

परीक्षांचं थोडक्यात: विमागणितज्ञ (ॲक्च्युअरी) होण्यासाठी प्रवेशाची एसीईटी देऊन मग सीएस-१ हा संख्याशास्त्राचा पेपर घे. त्यातही 'आर' आहेच, हीच तयारी कामी येईल.

एक भाग प्रकल्पातून गाळू नकोस. केंद्रावर ८.३ अंश असतात आणि तापीकाठच्या खोलगट बागेत चरका (थंडीचा फटका) बसून निसवण (केळीचा घड बाहेर पडणं) अडकलेली असते. त्या शेतकऱ्याला काहीच मिळत नाही. म्हणून बागायतदारांकडून नुकसानीचे हिवाळे लिहून घे, केंद्राच्या हिवाळ्यांशी ताडून पाहा आणि न जुळणारे तक्त्यात वेगळे दाखव.

तुझे,
मार्गदर्शक