चेअरमन पैसे खात नाही, मग प्रॉब्लेम काय?

प्रश्न : आमच्या सोसायटीचे चेअरमन एक रुपया खात नाहीत, पण लिफ्टचं कॉन्ट्रॅक्ट कमिटीला न विचारताच देऊन मोकळे झाले. मी सेक्रेटरी, काही बोलले की सगळे म्हणतात "माणूस प्रामाणिक आहे ना, मग?" राजीनामा देऊ का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, हात स्वच्छ असले म्हणजे सगळं झालं असं नाही हो. १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रीपद सोडलं तेव्हा नेहरूंवर पैशाचा आरोप नव्हताच, मुद्दा हा होता की मुंबई केंद्रशासित करायचं कॅबिनेटमध्ये नीट चर्चा न करता जाहीर झालं, वर मुंबईतल्या पोलीस गोळीबाराची न्यायालयीन चौकशीही होईना, आणि हे त्यांनी लोकसभेत उभं राहून तोंडावर सांगितलं. (बाकी आपल्याकडे बरेचसे राजीनामे खिशातच फिरतात!) तुम्ही आधी मीटिंगच्या मिनिट्समध्ये विरोध नोंदवा, बाकीची कोटेशन्स मागवली होती का ते लेखी विचारा, विषय जनरल बॉडीत न्या. तिथेही दाबलं तर द्या खुशाल, फक्त पत्रात "वैयक्तिक कारणास्तव" लिहू नका, खरं कारण लिहा आणि नोटीस बोर्डावर लावा.