नर्सरीतली निळी भारंगी खरी असते का? आणि भुंग्यांसाठी खरी भारंगी कशी लावायची?

तुम्ही विचारलंय की पुण्यात घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे मधमाश्या-भुंग्यांसाठी आपल्याच मातीतलं, वर्षानुवर्षं टिकणारं एखादं रानफूल लावायचंय. नर्सरीतून 'भारंगी' म्हणून निळ्या फुलांचं झुडूप आणलंय, ते खरंच भारंगी आहे का?

नाही. तुम्ही केलेल्या वर्णनावरून ते आफ्रिकेतून आलेलं शोभेचं झुडूप आहे. ते भारंगीचं चुलत भावंडच आहे. त्यामुळे नर्सरीवाल्याला फार दोष देऊ नका. दोघांचं फूल लांबून सारखंच दिसतं. चार पाकळ्या फिक्या, खालची एक गडद निळी-जांभळी, आणि लांब बाकदार पुंकेसर बाहेर आलेले. नुसत्या फुलाच्या रंगावर गेलात तर फसणारच.

पानाकडे बघा. तुमच्या झाडाची पानं लहान, बोटभर आहेत आणि फुलं फांद्यांच्या टोकाला विरळ, सैल झुपक्यात येतात, तेही जवळजवळ बाराही महिने. भारंगीचं पान वीतभर, कधी त्याहून मोठं, जाडसर, हाताला खरखरीत, आणि कडेला करवतीसारखे दाते. एका पेरावर दोन पानं समोरासमोर असतात, पण पुष्कळदा तीन. हे तीनाचं चक्र दिसलं की मी निम्मा निर्धास्त होतो. खोड चौकोनी असतं, चिमटीत धरून फिरवलं की कडा कळतात. फुलांचा तुरा फांदीच्या शेंड्यावर ताठ उभा, खाली रुंद आणि वर निमुळता. पावसाळ्याच्या शेवटी त्यावर हिरवी फळं धरतात आणि पिकून काळपट जांभळी होतात. जुन्या पुस्तकांत हिचं नाव क्लेरोडेंड्रम सेराटम असं सापडेल. १९९८ पासून ती रोथेका सेराटा झाली, आणि कूळही आता तुळशीचं मानतात. शोधताना दोन्ही नावं टाका.

आमचं घर चिपळूणजवळ एका वाडीत आहे. मागच्या दरडीवर भारंगीची सात-आठ ठोंबं आहेत. श्रावणात सकाळी सर थांबली की मी मुद्दाम तिथे जाऊन उभा राहतो. काळा, निळसर पंखांचा मोठा भुंगा येतो आणि त्या खालच्या जांभळ्या पाकळीवर बसतो. फूल त्याच्या वजनाने वाकतं आणि वरचे बाकदार पुंकेसर त्याच्या पाठीला टेकतात. ताज्या फुलात पुंकेसर पुढे आलेले असतात आणि स्त्रीकेसर खाली वळलेला. जुन्या फुलात नेमकं उलटं: पुंकेसर गुंडाळून खाली गेलेले आणि त्यांच्या जागी स्त्रीकेसर. म्हणजे एका फुलात पाठीवर पडलेला पराग दुसऱ्या फुलात बरोबर जागेवर पुसला जातो. एकाच तुऱ्यावर दोन्ही प्रकारची फुलं शेजारी शेजारी बघायला मिळतात. एकदा हे नीट पाहिलंत की ही फुलं एवढ्या मोठ्या भुंग्याच्या मापाची का, ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता लागवड. कृपा करून डोंगरातून ठोंब खणून आणू नका. औषधासाठी भारंगमूळ आधीच उपटून नेलं जातं, त्यात आपली भर नको. ज्यांच्या परसात भारंगी आहे त्यांच्याकडून जून-जुलैत पेन्सिलीएवढी जाड, जून फांदी मागा. वीतभर तुकडे करा, पानं काढा, दोन पेरं मातीत जातील असं पिशवीत लावा आणि सावलीत ठेवा. माझ्याकडे पाच-सहा आठवड्यांत मुळं धरतात. सगळे तुकडे जगत नाहीत, म्हणून दहा लावा. जुन्या ठोंबाच्या बुडाला फुटवा आला असेल तर तो मुळासकट वेगळा करणं त्याहून सोपं. बियांपासूनही येते, पण फार वाट बघायला लावते.

जागा अशी निवडा की पाणी साचणार नाही आणि दुपारचं ऊन थोडं अडेल. ती मूळची रानाच्या कडेची, उताराची. पुण्यात पाऊस आमच्यासारखा नाही, तेव्हा पहिलं वर्ष पावसाने ताण दिला तर पाणी घाला. मुठीने शेणखत आणि बुडाशी पालापाचोळा, एवढं पुरे. कीटकनाशक अजिबात नको. पानं कोणी कुरतडली तर कुरतडू द्या.

बहुतेक लोक चुकतात ते उन्हाळ्यात. दिवाळीनंतर भारंगी सुकत जाते आणि मार्चपर्यंत नुसत्या काड्या उरतात. झाड मेलं म्हणून उपटून टाकलेली भारंगी मी दोन घरी पाहिली आहे, आणि दोन्ही वेळा जमिनीतला गड्डा जिवंत होता. मे महिन्यात काड्या वीतभर ठेवून छाटा आणि थांबा. वळवाच्या सरींनंतर बुडातून लालसर कोंब येतात.

त्या कोवळ्या पानांची भाजी तुम्ही खाल्ली असेलच, उकडून, कडू पाणी पिळून, वाल घालून केलेली. फुलांचीही करतात. हवी तेवढी करा, पण आमच्याकडे आईचा नियम आहे की तुरे अर्धेच खुडायचे, अर्धे भुंग्याचे. तोच तुम्हीही ठेवा.

भारंगी पावसाळ्यापुरती, म्हणून शेजारी पिवळी कोरांटी लावा. तीही बहुवर्षायू, काटेरी, आणि थंडीत फुलते. लेमन पॅन्सी फुलपाखराच्या अळ्या तिची पानं खातात. घाणेरी मात्र फुलपाखरं येतात म्हणून लावू नका, तिने आपल्या डोंगरांची फार जागा खाल्ली आहे.

आणि भुंग्याला फुलाइतकंच घर लागतं. तो वाळक्या लाकडात, बांबूत भोक पाडून राहतो. कुंपणाचा एखादा जुना बांबू किंवा वाळलेला ओंडका पावसाने भिजणार नाही असा आडोशाला राहू द्या. भोकाखाली बारीक भुसा पडलेला दिसला की समजा, तो राहायला आला आहे.