‘विचारपूस’मधली पूस

एका वाचकाने विचारले आहे: “‘विचारपूस’मधली पूस म्हणजे फरशी पुसतो तीच का? आणि ‘पोलिसांनी संशयिताची विचारपूस केली’ हे बरोबर आहे का?”

ते दुसरे वाक्य बातम्यांत ऐकून कान किटले. हिंदीतल्या ‘पूछताछ’साठी हाताशी आला तो शब्द ठोकून दिला आहे. विचारपूस करायची ती आजारी शेजाऱ्याची, बाळंतिणीची, परगावाहून आलेल्या पाहुण्याची. संशयिताची चौकशी होते.

आता पूस. मराठीत ‘पुसणे’ दोन आहेत. विचारणे या अर्थाचे ‘प्रच्छ्’पासून आले: संस्कृतात पृच्छति, प्राकृतात पुच्छइ, मराठीत पुसणे. मच्छचा मासा झाला, तसाच इथे ‘च्छ’चा ‘स’ झाला. दुसरे पुसणे, म्हणजे फरशी पुसतो ते, ‘प्र + उञ्छ्’चे. हिंदीने पूछना आणि पोंछना वेगळे ठेवले. मराठीत दोन्ही एकाच उच्चारात येऊन मिळाले. म्हणून आपण खुशालीही पुसतो आणि डोळेही पुसतो! व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा योगायोग आहे, हे मान्य. तरीही विचारपूस या शब्दाला जी ऊब आहे ती या शेजारातूनच आली, असे माझे ठाम मत आहे. एक पुसणे उच्चारले की दुसरे कानात वाजतेच.

आणि ‘प्रच्छ्’चे गोत तर पाहा. फारसीत ‘पुर्सीदन’, त्यावरून अहवालपुर्सी, म्हणजे हालहवाल विचारणे. जर्मनमध्ये ‘फ्रागेन’. लॅटिनमध्ये ‘प्रेकारी’, आणि त्याचा अर्थ चक्क प्रार्थना करणे! विचारणे आणि विनवणे एकाच मुळाचे, हे कळले त्या दिवशी मला दुसरे काही सुचले नव्हते.

काही शुद्धिवादी म्हणतात, विचार आणि पूस एकाच अर्थाचे, तेव्हा ही द्विरुक्ती टाळा. मग कागदपत्रे आणि बाजारहाटही टाळणार का? हे मत मला साफ अमान्य आहे. जोडशब्दात अर्थ वाढतो. विचारणे एका वाक्यात उरकते; विचारपूस करणारा उत्तर ऐकायला थांबतो. ‘म्हातारपणी कुणी पुसत नाही’ असे आजी म्हणते, तेव्हा तिला “जेवलात का?” असे विचारून दोन मिनिटे पायरीवर टेकणारे माणूस हवे असते.