नाटकात काम करणाऱ्याने कॅमेऱ्यासमोर लाउड वाटू नये म्हणून अभिनय कसा बदलावा?

नाटक विसरू नका. हे आधी सांगते, बाकीचं नंतर.

दादा, तुम्ही लिहिलंय की धुळ्याला कॉलेजात एकांकिका करता, आता वेब सिरीजची ऑडिशन द्यायचीय, आणि कुणीतरी सांगितलं की नाटकवाले कॅमेऱ्यासमोर लाउड दिसतात, बोलीही गावठी येते, तर आधी ते सगळं काढून टाक आणि मुंबईत क्लास लाव. हेच वाक्य मी एका दिग्दर्शकाच्या तोंडून ऐकलंय, आणि ते ज्या माणसाबद्दल बोललं गेलं त्याच्यासमोर मी सीन केलाय, म्हणून लिहायला बसले.

मी जळगावची, हौशी नाटकं करते, राज्य नाट्य स्पर्धेला आमचा ग्रुप असतो. काही वर्षांपूर्वी यावलकडे एका शॉर्ट फिल्मचं शूटिंग होतं. वादळात केळीची बाग आडवी झालेला म्हातारा शेतकरी, त्याची सून मी, आणि मुलगा म्हणून मुंबईहून क्लास करून आलेला एक नट. म्हाताऱ्याच्या कामाला ऐनवेळी माणूस मिळेना म्हणून गावातल्याच एका आबांना आणलं. आबा आयुष्यभर तमाशात, वगात कामं केलेले, त्याआधी पोरवयात वहीगायनात, म्हणजे आपल्या खानदेशी लोकगायनात, डफावर. दिग्दर्शक पुण्याचा. आबा समोर बसलेले असतानाच तो आम्हाला म्हणाला, तमाशाचा माणूस आहे, ओरडणार, मी त्याला दाबून ठेवतो, तुम्ही सांभाळून घ्या.

आबांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "देखनारा कोठे शे?"

कुणाला कळलंच नाही. मग मी म्हटलं, आबा, बघणारा म्हणजे तो कॅमेरा. ते उठले, कॅमेऱ्याजवळ गेले, लेन्सच्या उंचीला डोळे आणून आमच्या खाटेकडे बघितलं, कॅमेरामनला विचारलं की मी कुठपर्यंत दिसतो, त्याने छातीवर हात लावून दाखवला, आणि आबा परत येऊन बसले. एवढीच तयारी. अमळनेरच्या जत्रेत बोरी नदीच्या वाळवंटात शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं तर त्याचं अंतर आधी नजरेनं मोजावं लागतं, तेच मोजमाप त्यांनी इथे लावलं, फक्त इथला शेवटचा माणूस चार हातांवर होता.

सीन असा होता की आबा बागेतून येतात, मी पाण्याचा तांब्या देते आणि ते म्हणतात, "सगळी बाग झोपली." त्यांनी तांब्या घेतला, सगळं पाणी शांतपणे प्यायले, मला वाटलं वाक्य विसरले, मग रिकामा तांब्या माझ्या हातात देताना, माझ्याकडे न बघता, इतक्या खालच्या आवाजात म्हणाले की मला पुढे काय करायचं ते ठरवायची गरजच राहिली नाही, मी फक्त ऐकलं. आणि आवाज खालचा असून प्रत्येक अक्षर स्वच्छ. साउंडवाल्याने अंगठा दाखवला. ज्याचा आवाज पोटातून येतो, ज्याने माइक नसताना फडावर रात्र काढलीय, त्यालाच असं हळू बोलता येतं, कारण श्वास खाली धरलेला असतो. मुलाचं काम करणारा नट नॅचरलच्या नावाखाली ओठातल्या ओठात बोलत होता, त्याचं एक वाक्य साउंडवाल्याला पुन्हा पुन्हा मागावं लागलं.

पुढची गोष्ट तर अजून महत्त्वाची. मास्टर, म्हणजे अख्खा सीन लांबून घेतलेला शॉट, झाल्यावर तोच सीन क्लोजमध्ये, चेहऱ्याजवळून, घेतात, तेव्हा मघाशी कुठल्या शब्दाला कुठला हात वर गेला होता ते तसंच करावं लागतं, नाहीतर एडिटला जोडता येत नाही. आबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तांब्या त्याच हाताने घेतला, तेवढाच वेळ प्यायले, त्याच जागी दिला. मी विचारलं तर म्हणाले, ढोलकीवाल्याची थाप जिथे पडते तिथे रोज हात यायलाच पाहिजे, नाहीतर हशा जातो. म्हणजे ज्याला आपण कंटिन्युइटी म्हणतो ती त्यांच्या अंगात होती.

आणि मग फिल्म झाल्यावर बघितलं तर आबांचा आवाजच नव्हता. दुसऱ्या कुणाकडून डब करून घेतला होता, पुण्याच्या मराठीत. कारण काय, तर ते ळ चा य करतात, ण चा न करतात, बाहेरच्यांना कळणार नाही. अरे, यावलच्या शेतकऱ्याची फिल्म आहे! इथला माणूस जळगावला जयगाव म्हणतो, मग पडद्यावर म्हटलं तर काय बिघडलं? त्या दिग्दर्शकाशी माझं तेव्हा भांडण झालं, तो म्हणाला तमाशा बाहेर काढायला मला फार कष्ट पडले. कष्ट त्याला कसले पडले ते मला अजून कळलेलं नाही, आबांना तर दुसरा टेकसुद्धा फक्त कॅमेरा हलवला म्हणून द्यावा लागला.

नाटकवाला लाउड, लोकनाट्यवाला अजून लाउड, असं म्हणणाऱ्यांनी 'सामना' सिनेमा बघावा. निळू फुले कलापथकातून, लोकनाट्यातून आलेले, आणि त्यातला हिंदुराव धोंडे पाटील आवाज न चढवता अंगावर येतो. समोर डॉ. लागू, तेही रंगभूमीचे, 1970 साली स्टेजवर नटसम्राट केलेले. दोघांना कुणी नाटक विसरायला लावलं होतं? सिनेमा 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेला.

आता तुमचा प्रश्न. शॉट लागला की कॅमेरामनला विचारा, फ्रेम कुठपर्यंत आहे. छातीपर्यंत असेल तर हातांचं काम कुणाला दिसणार नाही, ते डोळ्यांत आणा. क्लोजमध्ये समोरच्याच्या एकाच डोळ्यात बघा, दोन्ही डोळ्यांत आळीपाळीने बघितलं तर पडद्यावर बुबुळं हलत राहतात. सीन उलटसुलट क्रमाने शूट होतात, शेवटचा आधी होऊ शकतो, म्हणून आपलं पात्र कुठल्या सीनला कुठे पोचलंय ते वहीत लिहून ठेवा, तालीम फारशी मिळणार नाही हे धरूनच चला. आणि घरी मोबाइल स्टँडवर लावून एकच उतारा लांबून, मधून, जवळून करून बघा. लाउड वाटतं म्हणजे अंतर चुकलं, अभिनय चुकला असं नाही.

बोलीबद्दल मात्र एक सांगते, कारण वर मी तावातावाने लिहिलंय. प्रमाण मराठीतला ळ आणि ण पण घोटून ठेवा, डॉक्टर-वकिलाचं काम आलं तर लागेल. घरातली अहिराणी सोडू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

नाटकाशिवाय होत नाही असंही नाही. स्मिता पाटील, आपल्या शिरपूरच्या घरातली, दूरदर्शनवर बातम्या वाचत होती, तिथून सिनेमात गेली आणि 'भूमिका'साठी (1977) राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आली. काहींना कॅमेरा लगेच आपला वाटतो.

क्लासचं म्हणाल तर पैसे असतील आणि ते कॅमेऱ्यासमोर खरंच उभं करत असतील तर लावा, फी भरायच्या आधी जुन्या मुलांना विचारून घ्या. नुसती भाषणं असतील तर त्या पैशात इथेच दोन मित्रांना घेऊन शॉर्ट फिल्म करा. आणि कुठलंही काम घेताना डबिंग माझ्याच आवाजात होणार का, हे आधी विचारा आणि लिहून घ्या.