किताब मिळाला, आता फॉर्मात काय लिहू?

प्रश्न : ताई, मी सांगलीची, बीएस्सी सेकंड इयरला आहे. नवरात्रात इथं एक सौंदर्यस्पर्धा झाली, मैत्रिणींनी जबरदस्तीनं नाव दिलं आणि चक्क मलाच किताब मिळाला, क्राऊन-सॅश सगळं! आता पुढच्या राऊंडचा फॉर्म आलाय, त्यात शिक्षण, समाजकार्य आणि 'तुमची मूल्यं' असे तीन रकाने आहेत. शिक्षण लिहिलं. समाजकार्य म्हणाल तर मामाच्या गावाला कारखान्याजवळ ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, त्यांच्या पोरांना दोन सीझन दर रविवारी पाढे आणि वाचन शिकवलं, बास. ना संस्था ना फोटो. ओळखीतला एक दादा म्हणतोय की पाच हजारात एनजीओचं सर्टिफिकेट आणून देतो. घेऊ का? आणि मूल्यं काय लिहायची असतात?

उत्तर : अगं, नको घेऊस! खोटं आहे हे तर आहेच, वर ते उघडंही पडतं, कारण जज लोक फॉर्म वाचून बाजूला ठेवत नाहीत, स्टेजवर त्यातलंच उकरून विचारतात, की पोरं किती होती, कुठली होती, काय शिकवलंस, आणि मग विकतच्या सर्टिफिकेटवाल्या मुलीची जी त त प प होते ती बघवत नाही.

आणि तुझ्याकडं एवढं असताना तू त्याला 'बास' म्हणतेस? दिवाळीच्या आसपास बीडकडनं आईबापाबरोबर पोरं येतात, पालावर राहतात, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा सीझन संपला, की निघून जातात. आई फडात, म्हणून मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊनच पाढे म्हणते. हे तू डोळ्यांनी बघितलंयस, ते स्टेजवरचं चालणं-बोलणं शिकवणाऱ्या कुठल्या ग्रूमिंग क्लासवाल्याला माहीत नाही. तेच लिही. किती पोरं यायची, किती टिकली, आणि जमलं नाही ते पण लिही. एखादं पोरगं गावी परत गेलं आणि पुढं शाळेत बसलं की कोयत्याला लागलं हे तुला कळलंच नसेल, तर तसंच लिही. 'मला समाजासाठी काहीतरी करायचंय' हे वाक्य मात्र दिसलं की खोड, ते सगळ्यांच्याच फॉर्मात असतं.

समाजकार्याचा हा रकाना काही आजचा नाही. मिस वर्ल्डमध्ये 'ब्युटी विथ अ पर्पज', म्हणजे सौंदर्याला समाजकार्याची जोड, 1972 पासून आहे. 2017 ला जिंकलेली मानुषी छिल्लर तेव्हा हरियाणात एमबीबीएस करत होती, तिचं काम गावागावात पाळीच्या स्वच्छतेवर. 2025 ला हैदराबादला जिंकलेल्या थायलंडच्या ओपल सुचाताच्या छातीत सोळाव्या वर्षी गाठ निघाली होती, म्हणून ती स्तनांच्या कॅन्सरवर बोलते. तिला विषय शोधत बसावं लागलं नाही. मला स्वतःला विचारशील तर सगळ्यांत आवडते ती रिटा फारिया, मुंबईच्या ग्रँट मेडिकलची विद्यार्थिनी, 1966 ची मिस वर्ल्ड, पहिली भारतीय. वर्षभर किताबाची कामं केली आणि सरळ डॉक्टरकीकडं परत गेली. तेव्हा प्रॅक्टिकल बुडवू नकोस.

मूल्यांचं म्हणशील तर मोठे शब्द नकोत. 2019 च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा तू आठवीबिठवीत असशील. त्या आठवड्यात तुमच्या गल्लीत कुणी कुणाला घरात घेतलं, कुणी कडी लावून घेतली, आणि तुला त्यातलं काय पटलं? चार ओळी त्यावर लिही.

प्रश्न : माझी पुतणी साताऱ्यात शिकते, तिला पण असल्या स्पर्धेत उतरायचंय. हे आपल्या संस्कारात बसतं का? (एक काका, सातारा)

उत्तर : काका, 'संस्कारात बसत नाही' हे तुमच्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंनाही ऐकवलं होतं, वर शेण पण मारलं होतं. तुलना करत नाही हां, शाळा कुठं आणि ही स्पर्धा कुठं. उंची-बांधा बघून मार्क देणं मलाही खटकतंच. पण काही गोष्टी बदलल्यात, मिस वर्ल्डनं स्विमसूट राऊंड कधीच बंद केलाय, मिस युनिव्हर्समध्ये 2023 पासून लग्न झालेल्या आणि आया झालेल्या बायकाही उतरू शकतात. पुतणी अठरा पूर्ण असेल तर ठरवू दे तिला. तुम्ही फक्त एक विचारा, की परीक्षेच्या तारखा आणि स्पर्धेच्या तारखा एकमेकींवर येतायत का. आणि पहिल्या वेळी सोबत जा, म्हणजे घरी बसून जीव वरखाली होणार नाही.

प्रश्न : ऑडिशनला सिलेक्ट झाले, आता आयोजक 'ग्रूमिंग फी' म्हणून चाळीस हजार आजच्या आज भरा म्हणतायत. भरू? (मिरज)

उत्तर : आजच्या आज म्हणतायत ना, मग नको. पावती, पत्ता आणि मागच्या वर्षीच्या दोन स्पर्धक मुलींचे नंबर मागून बघ, गाडी तिथंच अडेल.