शंका-समाधान : गुरुजी 'अँटिक्वेटेड' कसे होतील?

प्रश्न : माझ्या ८२ वर्षांच्या शिक्षकांच्या गौरव-अंकासाठी मी इंग्रजीत एक छोटा लेख लिहिला आणि त्यांचा उल्लेख आदराने 'अवर अँटिक्वेटेड टीचर' असा केला. संपादकांनी तो शब्द खोडून समासात 'व्हेनरेबल' असे लिहून लेख परत पाठवला. शब्दकोशात पाहिले तर दोन्ही शब्दांचा संबंध जुनेपणाशी आहे. मग माझे चुकले कोठे? एन्शंट, अँटीक, एल्डर्ली, एजेड, सीनाइल हे शब्द कोणासाठी आणि केव्हा वापरावेत?

उत्तर : संपादकांनी आपल्याला एका अवघड प्रसंगातून वाचवले, असेच म्हणावे लागेल. 'ओल्ड' हा अर्थ शब्दकोशात पुष्कळ शब्दांपुढे दिलेला असतो. परंतु ते जुनेपण कोणाचे आहे आणि बोलणाऱ्याला ते भावते की खुपते, हे त्या एका शब्दातून कळत नाही. 'अँटिक्वेटेड' म्हणजे आपल्याकडचा 'जुनाट'. आपण जुनाट दुखणे म्हणतो, जुनाट कल्पना म्हणतो. जुनाट गुरुजी मात्र म्हणत नाही, आणि कोणी म्हणत असलेच तर ते त्यांच्या पाठीमागे. यंत्र, कायदा किंवा शिकवण्याची पद्धत अँटिक्वेटेड ठरू शकते, कारण काळ पुढे गेला आणि ती गोष्ट मागे राहिली, असा ठपका त्या शब्दातच आहे.

'व्हेनरेबल' हा तर मुळात वयाचा शब्दच नव्हे. आदर करणे, पूजणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून तो आला असून त्याचा शब्दशः अर्थ 'वंदनीय' असा होतो. अँग्लिकन चर्चमध्ये आर्चडीकन या पदावरील व्यक्तीच्या नावाआधी तो उपाधी म्हणून लावतात, आणि तेथे ती व्यक्ती चाळिशीतली असली तरी हरकत नसते. एरवीच्या वापरात मात्र वय आणि मान असे दोन्ही एकत्र आल्यावरच तो शोभतो. म्हणून तो गुरुजींना लागू पडतो, शतकभर चाललेल्या संस्थेला लागू पडतो आणि एखाद्या विशाल, पुरातन वृक्षालाही लागू पडतो.

'अँटीक' हा 'अँटिक्वेटेड'चा सख्खा भाऊ आहे, पण दोघांचे नशीब वेगळे निघाले. एकाला जुनेपणामुळे किंमत आली, तर दुसऱ्याची जुनेपणामुळेच किंमत गेली. अँटीक म्हणजे जपण्याजोगी जुनी वस्तू. सीमाशुल्कासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या मालाच्या वर्गीकरणात १०० वर्षांहून अधिक जुन्या वस्तूंना या नावाचे स्वतंत्र शीर्षक आहे. माणसाला अँटीक म्हणणे ही थट्टा होय. 'एन्शंट' हा इतिहासाचा शब्द असून युरोपच्या इतिहासलेखनात हा 'प्राचीन' कालखंड पश्चिम रोमन साम्राज्य कोसळले त्या ४७६ सालापाशी संपल्याचे सामान्यतः मानतात. शाळकरी मूल चाळिशीतल्या काकांना एन्शंट म्हणते, ती अर्थातच अतिशयोक्ती. जाता जाता सांगावेसे वाटते की या शब्दाच्या शेवटच्या 'ट'ला व्युत्पत्तीचा कोणताही आधार नाही. फ्रेंच रूपात तो नव्हता. 'अंट'ने संपणाऱ्या इतर शब्दांच्या संगतीने तो इंग्रजीत येऊन चिकटला.

माणसांसाठी सौम्य शब्द हवा असेल तर 'एल्डर्ली' आहे. 'ओल्डर'ही तसाच, आणि त्याची गंमत अशी की व्याकरणाने पाहता 'ओल्डर' म्हणजे 'ओल्ड'पेक्षा अधिक म्हातारा; प्रत्यक्षात मात्र 'ओल्डर पर्सन' हे 'ओल्ड पर्सन'पेक्षा मवाळ वाटते, कारण तुलना कोणाशी हे न सांगता मोघम सोडून दिलेले असते. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांनी १ ऑक्टोबर हा दिवस ठरवला तो 'ओल्डर पर्सन्स' यांच्या नावाने. 'एल्डर' आणि 'एल्डर्ली' यांची गल्लत मात्र करू नये. दहा वर्षांचा मुलगाही आठ वर्षांच्या मुलाचा एल्डर ब्रदर असतो. शिवाय 'एल्डर'पुढे 'दॅन' चालत नाही, तेथे 'ओल्डर'च लिहावे लागते.

'एजेड'च्या बाबतीत उच्चाराकडे लक्ष द्यावे. वृद्ध या अर्थाने नामाआधी आला की तो दोन अवयवांत (सिलेबल्समध्ये) 'एजिड' असा म्हणतात, आणि 'अमुक वर्षांचा' हे सांगताना किंवा मुरवलेल्या चीजविषयी बोलताना एका अवयवात 'एज्ड' असा. 'सीनाइल' मात्र टाळावाच. सतराव्या शतकात त्याचा अर्थ 'वार्धक्याला साजेसा' एवढाच होता. आता तो बुद्धिभ्रंश सुचवतो आणि कानाला शिवीसारखा लागतो. 'जेरिअ‍ॅट्रिक' हा शब्दही हळूहळू त्याच वाटेने चालला आहे. इग्नाट्झ नाशर या अमेरिकेतील डॉक्टरांनी १९०९ साली वृद्धांच्या वैद्यकाला बालवैद्यकाच्या धर्तीवर 'जेरिअ‍ॅट्रिक्स' हे नाव दिले, तेव्हा त्यात हिणवणे नव्हते. दवाखान्याच्या पाटीवर तो आजही योग्यच आहे, परंतु गौरव-अंकात नको.

प्रश्न : ऐंशीव्या वर्षात पदार्पण केलेल्या व्यक्तीला 'ऑक्टोजेनेरियन' म्हणावे का?

उत्तर : म्हणू नये, एक वर्ष थांबावे. ऐंशीव्या वर्षात पदार्पण केले म्हणजे ७९ वर्षे पूर्ण झाली, आणि इंग्रजीत वय मोजतात ते पूर्ण झालेल्या वर्षांनी. ८० पूर्ण झाल्यापासून ८९ पर्यंत ऑक्टोजेनेरियन, ९० ते ९९ नोनाजेनेरियन, १०० झाल्यावर सेंटेनेरियन आणि ११० पासून सुपरसेंटेनेरियन. फ्रान्समधील झान काल्मां यांचे १९९७ साली निधन झाले तेव्हा त्यांचे वय १२२ वर्षे १६४ दिवस होते. त्याहून अधिक वयाची प्रमाणित नोंद नाही. 'सेंटेनरी' हा शब्द मात्र शताब्दीसाठी आहे. व्यक्ती सेंटेनेरियन असते, तिच्या जन्माची सेंटेनरी असते.

प्रश्न : 'सीनियर' आणि 'सनातन' या शब्दांचे नाते आहे, असे ऐकले. ते खरे की केवळ ध्वनिसाम्य?

उत्तर : खरे आहे. लॅटिन 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा आणि वेदभाषेतील 'सन' म्हणजे जुना, हे एकाच मुळाचे शब्द आहेत, आणि 'सनातन' हा त्या 'सन'च्याच घरातला. (सन १९४७ मधला 'सन' मात्र अरबीतून आला, त्याचा येथे संबंध नाही.) 'सेनेक्स'पासून सेनेट, सीनियर आणि सीनाइल आले, आणि सीनियरचेच फ्रेंचमधून झिजत आलेले रूप म्हणजे 'सर'. पंचविशीतल्या शिक्षकाला विद्यार्थी 'सर' म्हणतात तेव्हा शब्दाच्या दृष्टीने त्याला 'वडीलधारे' अशीच हाक मारत असतात. त्याचप्रमाणे जेरिअ‍ॅट्रिकमधला 'जेरि' आणि संस्कृत 'जरा' हेही सगोत्र आहेत. जीर्ण, जर्जर आणि जरठ ही त्याच घराण्यातली मंडळी.

सर्वांत मौजेचे नाते 'व्हेटरन'चे आहे. त्यामागचा लॅटिन 'वेतुस' म्हणजे जुना, आणि त्याच्याही मागे वर्ष या अर्थाचे जे मूळ आहे त्यापासून संस्कृतात 'वत्सर' आणि 'वत्स' हे शब्द झाले. वत्स म्हणजे मुळात वर्षाचे वासरू, आणि आपला 'वासरू' हा शब्दही 'वत्सरूप'पासूनच आला आहे. असाच प्रकार 'सुपरअ‍ॅन्युएटेड'चा. सेवानिवृत्त किंवा वय उलटून गेलेला या अर्थाने आज वापरला जाणारा हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमध्ये एक वर्षाहून मोठ्या झालेल्या गुरांसाठी वापरत असत.